अँबॅसिडरच्या कापलेल्या वायरी

२ नोव्हेंबर, रविवार
दत्ता आला एकदाचा. महाडला एस.टी. डेपोच्या मागे त्याचं गॅरेज. जुन्या गाड्यांचं वायरिंग करणारा आता तोच एक उरलाय. अण्णांच्या अँबॅसिडरमधलं सगळं जुनं वायरिंग बाहेर काढून शेडमध्ये जमिनीवर पसरलं. बॉनेटपासून डिकीपर्यंत लांबच लांब जुडगा, मधून मधून फाटे. वरचं सुती वेष्टण हात लावताच भुगा होत होतं. दत्ता म्हणाला, "ताई, गाडी पेटली कशी नाय हेच नवल." नवीन जुडगा तो जुन्याच्या मापाने स्वतः बांधणार.
खर्च निलेशचा. माझ्या धाकट्या भावाचा कामोठ्याहून फोनवर हुकूम: लग्नसराईच्या आत गाडी चालू हवी. तिकडे नवरा-नवरीला जुन्या गाडीतून मिरवायची टूम निघालीय म्हणे. नेणार, भाड्याने लावणार.
अण्णा शेडच्या दारात खुर्ची टाकून बसले होते. याच गाडीवर जन्मभर पोलादपूर–महाबळेश्वर टॅक्सी मारून आम्हा दोघा भावंडांना वाढवलं त्यांनी. 
दत्ता जरा जास्तच गोड बोलतो. लक्ष ठेवायला हवं. पण ठेवणार कसं, मी दिवसभर महाडला कोर्टात नोकरीला, घरी अण्णा आणि तो, दोघंच.

९ नोव्हें., रवि.
हेडलाइट लागले! दोन्ही! शेजारची चारपाच माणसं जमली. शंकरकाका म्हणाले, "अण्णा, आता आंबेनळी घाटातून एक फेरी पायजे हां. आमाला घेऊन." सगळ्यांनी तेच धरलं. अण्णा हसले नुसते आणि आत निघून गेले. चहा घेतलाच नाही.
जाता जाता दत्ताला म्हणाले, "यशवंता, पाना जागेवर ठेव." यशवंता म्हणजे त्यांचा जुना क्लीनर. तो जाऊन किती वर्षं झाली. दत्ता हसला, मीही हसले.

११ नोव्हें., मंगळ
हेडलाइट बंद. दत्ताने टेस्ट लॅम्प लावून शोधलं. डॅशबोर्डखाली निळी वायर तुटलेली. "उंदीर," म्हणाला. जोडली. उंदराचं औषध आणलं.

१४ नोव्हें., शुक्र
परत तेच. या वेळी हॉर्नची वायर आणि आणखी एक.
दत्ता गेल्यावर मोबाइलच्या उजेडात स्वतः पाहिलं. उंदराने कुरतडलेलं मला कळतं, कोर्टाच्या रेकॉर्ड रूममध्ये तेच बघत आले. कडा फाटलेल्या, दातांचे ठसे. इथे टोक सपाट. तांबं लखलखीत. कटरने नाहीतर पकडीने कापलेलं. मग दत्ता 'उंदीर' का म्हणतो? त्याला हे दिसत नाही? रोज वायरी हाताळणाऱ्याला?
काम लांबवतोय. दुपारचं जेवण आमच्याकडे, अण्णांशी गप्पा, आणि खर्चाचं निलेश विचारणार मला.
साक्षीदाराला कुणी विचारायच्या आधी जो कारण सांगतो, त्याच्याकडे आमचे जज्जसाहेब चष्म्यावरून बघतात. मीही तसंच बघितलं पाहिजे.

१६ नोव्हें., रवि.
बोलले शेवटी. नको तेवढं बोलले.
इग्निशनची वायर कापलेली निघाली. मी म्हटलं, "हा उंदीर तुमच्या पिशवीतनं येतो का?" आधी त्याला कळेना. कळलं तेव्हा चेहरा उतरला.
"माज्या हातानं बांधलेली वायर मी कापीन, ताई?"
"मग कोण? अण्णा?"
त्याने एकदा अण्णांकडे बघितलं, हत्यारं पिशवीत भरली आणि गेला. बाइक वळवताना परत अण्णांकडेच बघितलं.
अण्णा म्हणाले, "चांगला मानूस होता गो." होता?
त्यांनी मला थांबवलं नाही. मी बोलत असताना खुर्चीतून उठलेसुद्धा नाहीत.

१८ नोव्हें., मंगळ
शेडला नवीन कुलूप. दोन्ही चाव्या माझ्या पर्समध्ये.
नि.ला फोन केला. वाटलं भडकेल. नाही. "बरं, पनवेलचा माणूस बघतो," एवढंच. आणि ठेवता ठेवता, "अण्णांना काही विचारत बसू नकोस." का नको? त्याला काय माहीत आहे? गणपतीत अण्णांना घेऊन स्वतःच्या गाडीने महाबळेश्वरला गेला होता. त्या दिवशी दोघंही परत आल्यावर गप्प होते. मी विचारलं तर म्हणे, "ट्रॅफिक."

२१ नोव्हें., शुक्र
आज सहज कुलूप उघडून पाहिलं. कुलूप जसंच्या तसं. आत मागच्या दिव्यांचा अख्खा फाटा कापून खाली टाकलेला.
दत्ता रविवारपासून इकडे फिरकलेला नाही. चाव्या माझ्याजवळ. नि. कामोठ्यात.
म्हणजे
रात्री दोघांची ताटं वाढली. अण्णा चवीने जेवले. आमटी परत मागून घेतली.

२५ नोव्हें., मंगळ
अर्धी रजा टाकून दुपारीच घरी आले. कुणाला सांगितलं नव्हतं. सकाळपासून आपण चोरी करायला निघालोय असं वाटत होतं.
शेडचं दार सताड. कुलूप कडीला तसंच लटकलेलं, पण कडीचे स्क्रू काढलेले. चारही स्क्रू खुर्चीवर रुमालात नीट मांडून ठेवले होते.
अण्णा गाडीत, ड्रायव्हरच्या सीटवर. मांडीवर पकड.
मी ओरडणार होते. त्यांनी शेजारच्या सीटवर हात थोपटला. "बस."
बसले. दोघं समोर काचेतून शेडच्या पत्र्याकडे बघत. 
मग म्हणाले, "गनपतीत निल्यासंगती घाट चढलो. एक वळन आलं. माज्या वळखीचंच नाय. म्हटलं, ह्या रस्त्यानं का आनलंस? तो म्हनतो, अण्णा, हाच रस्ता, दुसरा रस्ता हायच कुठं?"
त्यांनी स्टिअरिंगवरून अंगठा फिरवला.
"गाडी चालू झाली की सगली म्हनतील, चला अण्णा. शंकर येल. निल्या येल. सगली बसतील मागं. आन् मी त्यांना कुठं नेऊ गो?"
पकड मी घेतली. त्यांनी दिली. स्क्रू दोघांनी मिळून परत बसवले. त्यांचा हात अजून माझ्यापेक्षा स्थिर आहे.
कुणाला सांगू नको म्हणाले. नाही सांगत म्हटलं.

२६ नोव्हें., बुध
सकाळी चहा देताना म्हटलं, दत्ताला परत बोलावते, तुमचं नाव नाही सांगणार.
"माजं नाव? कशापायी?"
"वायरींचं."
अण्णा माझ्याकडे असे बघायला लागले, जणू मी दारावर आलेली कुणी बाई. "वायरी दत्तानं कापल्या. नायतर तू. चाव्या तुज्याकडं हायत ना?"
"अण्णा, काल दुपारी आपण दोघं..."
"काल दुपारी तू कोर्टात होतीस."
विसरले? की आता मलाच पुढे करताहेत? कोर्टात मला कळतं. खोटं बोलणारा आधी हातांकडे बघतो, मग साहेबांकडे. अण्णा सरळ माझ्या डोळ्यांत बघत होते. कालचं खरं की आजचं? की दोन्ही खरं आणि मीच
उशीर झाला. बस सुटली.

२८ नोव्हें., शुक्र
कोर्ट सुटल्यावर दत्ताच्या गॅरेजवर गेले. चुकलं म्हटलं. तुम्ही कापल्या नव्हत्या.
"मग कोनी?"
"उंदीरच निघाला."
तो गाडीखालून बाहेर आला, हात पुसले, खूप वेळ पुसले. "ताई, उंदराच्या हातात पकड कोनी दिली?"
मी पर्सची चेन उघडली, परत लावली.
"मला पयल्याच दिवशी कललं होतं," म्हणाला. "ज्यानं कापली त्याला गाडीची मायती होती. बॅटरी काढून ठेवायचा आधी. परत लावायचा. मी म्हटलं, म्हाताऱ्या मानसाचं नाव आपल्या तोंडून कशाला." पुढच्या आठवड्यात येतो म्हणाला. स्टूल पुढे केलं, चहा सांगितला. 
मग अण्णांसाठी म्हणून वेलची केळी दिली पिशवीभर.
महाडच्या डॉक्टरांची वेळ घेतली. अण्णांना सांगितलंय, मलाच दाखवायचंय, सोबत चला.

३० नोव्हें., रवि.
नि.चा फोन.
"ताई, एक विचारू? रागावू नको. अण्णा काल फोनवर सांगत होते, वायरी तू कापतेस."
मी दारातून ओटीकडे बघितलं.
"म्हणजे मला खरं वाटलं नाही. पण तुला गाडी द्यायची नसेल तर सरळ बोल ना. तुझंही आहेच त्या घरात सगळं, मी काय ओढून नेणार होतो का?"
आवाज समजूतदार होता. कुणी आरोपीशी बोलावं तसा. मला खरं वाटलं नाही म्हणाला, आणि उत्तराची वाट बघत राहिला.
नाही म्हटलं असतं तर पुढचा प्रश्न होता, मग कोण? आणि त्याच्या पुढे, अण्णांना कामोठ्याला आणतो, माझ्या चौथ्या मजल्यावरच्या फ्लॅटवर. गणपतीतलं ते वळण त्यानेही पाहिलंय. माझ्यापासून लपवलं. का लपवलं, हे अजून मला कळलेलं नाही. विचारलंही नाही.
मी म्हटलं, "हो. मीच."
पलीकडे टीव्हीचा आवाज कमी झाला. मग, "ताई, तू?" आणि फोन बंद.
अण्णा ओटीवर वालाच्या शेंगा सोलत होते. दार उघडंच होतं. सगळं ऐकू गेलं असणार. गेलं असेल की नाही?
"कुनाचा फोन?"
"निलेशचा."
"काय म्हनतो?"
"गाडीचं विचारत होता."
"सांग त्याला, नाय झाली अजून." सोललेले दाणे माझ्याकडे सरकवले. हसले का, कळलं नाही. मान खाली होती.