कुटुंबप्रमुखाचं मृत्युपत्र

२० ऑक्टोबर १९८५, रविवार. सकाळी ७
मृत्युपत्र करायचं ठरवलं. समोरच्या बिल्डिंगमधले कर्णिक गेल्या महिन्यात गेले, कागदाचा चिटोरासुद्धा मागे न ठेवता. दोघे मुलगे आता जिन्यात उभे राहून लोखंडी कपाटावरून भांडतात. माझ्यामागे असला तमाशा नको. तीस वर्षं मिलमध्ये टाइमकीपर होतो, वेळेवर काम करायची सवय आहे.
दिवाळीच्या आत सही झाली पाहिजे. वकिलासमोर कमी बोलायचं, नाहीतर आपला वेळ जातो. रिटायरमेंटला मिळालेलं पेन धुऊन ठेवलं, नवी शाई भरली.
मालमत्ता: घाटकोपरची ही खोली, किचन आणि गॅलरी धरून. रेडिओ. घड्याळ.
शकुला सांगितलं. ती तांदूळ निवडत होती. बरं, म्हणाली. शकु माझी धाकटी बहीण. तिचा नवरा, बाळा, बावीस वर्षांपूर्वी गेला, तेव्हापासून मी तिला सांभाळतोय. माझी बायको गेल्यावर स्वयंपाकाचंही तीच बघते. एकूण घराला शिस्त आहे.

२२ ऑक्टोबर, मंगळवार
वकील मिळाले. भीमराज गायकवाड. पिठाच्या गिरणीच्या वर ऑफिस, सगळ्या फायलींवर पीठ. काळा कोट असेल असं वाटलं होतं, बुशशर्टात होते. पण माणूस हुशार.
कमी बोलायचं ठरवलं होतं. पाऊण तास बोललो. त्यांनी दोनच ओळी लिहून घेतल्या. म्हणाले, खोलीचे कागद आणा आणि दोन साक्षीदार बघा, पण ज्यांना तुमच्याकडून काही मिळणार असेल ते नकोत, पुढे कटकट होते. मी म्हटलं, मला हे माहीत होतं. नव्हतं.
येताना जिन्यात नाना चव्हाण भेटले, आमच्या सोसायटीचे सेक्रेटरी. खोलीचं मृत्युपत्र करतोय असं सांगितलं. कुणाच्या खोलीचं, असं त्यांनी विचारलं. कानाने कमी ऐकू येत असावं.

२७ ऑक्टोबर, रविवार. दुपार
अनंताला पोस्टकार्ड टाकलं होतं, ‘मृत्युपत्राबाबत. तातडीने.’ लग्न झाल्यापासून चिरंजीव पार्ल्याला राहतात आणि वर्षातून दोनदा उगवतात. आज पहिल्या कार्डात हजर. मृत्युपत्राचा फायदा दिसू लागला.
त्याला म्हटलं, खोली तुझ्या नावावर करतोय, पण दर रविवारी आलं पाहिजे. तर म्हणतो, आप्पा, खोली आत्याची आहे ना?
एवढा बीकॉम झाला, व्यवहार शून्य. रेशनकार्ड काढून दाखवलं. कुटुंबप्रमुख: राजाराम विठोबा तावडे. शकुचं नाव खाली, तेही अनंताच्या नंतर. दारावरची पाटी माझ्या नावाची. आणखी काय पाहिजे? तो आत्याकडे बघत राहिला. ती आत निघून गेली, तव्यावर बांगडे होते.
दोनदा भात घेऊन जेवला. जाताना आत्याच्या पाया पडला. माझ्या पडला का, आठवत नाही. घाईत असेल.

२९ ऑक्टोबर, मंगळवार
कच्चा मसुदा तयार. वकिलाचं काम हलकं केलं. कलम चार मला फारच आवडलं: ‘माझी भगिनी शकुंतला हिला स्वयंपाकघरात मोरीजवळच्या जागेत तहहयात झोपू द्यावे, तिला कोणीही हटकू नये.’ लिहिताना माझेच डोळे भरून आले. आजकाल कोण बहिणीचा एवढा विचार करतो.
चहाच्या वेळी शकुला वाचून दाखवलं. मोरीजवळच का, एवढंच तिने विचारलं. पुढची खोली अनंताला लागेल, हे समजावून सांगितलं. तिला पटलं. चहात साखर नव्हती. विसरली असेल.

२ नोव्हेंबर, शनिवार
गायकवाडांकडे सगळे पुरावे घेऊन गेलो. रेशनकार्ड. मतदार यादीतली चिठ्ठी. शिवाय या पत्त्यावर माझ्या नावाने आलेल्या सात लग्नपत्रिका.
त्यांनी सगळं नीट पाहिलं, पत्रिकासुद्धा. मग म्हणाले, काका, या कार्डावर साखर आणि पामतेल मिळतं, खोली नाही मिळत. सोसायटीचं शेअर सर्टिफिकेट आणा, त्यावर नाव कुणाचं ते बघू. बाकावर दोन पक्षकार बसले होते. त्यातला एक हसला.
सर्टिफिकेट बँकेच्या लॉकरमध्ये आहे, असं मी सांगितलं. माझा लॉकर नाही. असं का बोललो कोण जाणे.

५ नोव्हेंबर, मंगळवार
माळ्यावरची माझी हिरवी ट्रंक काढून शोधलं. शकुने विचारलं काय हवंय. स्वेटर, म्हटलं. घाटकोपरला, पंख्याखाली. 
ट्रंकेत काही सापडलं नाही.
वकील बदलावा का? हा माणूस फार खोलात शिरतो.

८ नोव्हेंबर, शुक्रवार
शेवटी नानांकडे गेलो. चूक झाली असेल तर दुरुस्त करून घेऊ, असा विचार. त्यांनी सभासदांचं रजिस्टर काढलं. खोली नंबर अकरा: बाळा राणे. त्यावर काट. खाली, श्रीमती शकुंतला बाळा राणे, १९६३.
दुसरं एखादं रजिस्टर आहे का, विचारलं. नाही म्हणाले.
मग म्हटलं, वीस वर्षं सर्वसाधारण सभेत मी बोलतोय, ते इतिवृत्तात असेलच. ते आहे. गेल्या वर्षी पाण्याच्या टाकीवर चाळीस मिनिटं बोललो होतो, त्याची नोंद अशी: ‘सभासदांचे बंधू बोलले.’ आधीच्या वर्षीही तेच. त्याच्या आधीही तेच.
नानांनी रजिस्टर मिटलं आणि हळूच म्हणाले, “राजाराम, तू पंधरा दिवसांसाठी आला होतास रे. तुझी ट्रंक मीच वर चढवली होती.”
चहा नको म्हटलं. मग प्यालो.

९ नोव्हेंबर, शनिवार. सकाळी
ही वही माझ्याशिवाय कुणी वाचत नाही. तरी हे लिहायला तासभर लागला.
बाळा गेला तेव्हा आम्ही परळला मामांकडे नऊ माणसांत राहत होतो. बायको आणि दोन वर्षांचा अनंत. शकुला आधार द्यायला जातो, असं मी सगळ्यांना सांगितलं. खरं तर मामींनी आम्हाला जागा बघायला सांगितलं होतं. शकुने स्वतःहून पुढची खोली आम्हाला दिली आणि ती मोरीजवळ झोपायला लागली. ती अजून तिथेच आहे. अनंताला तिनेच वाढवला. मी कलम चार लिहिलं.
मला माहीत नव्हतं असं नाही. फक्त आठवायचं सोडून दिलं होतं.
आणि पाच तारखेला ट्रंकेत काही सापडलं नाही, हे खोटं आहे. पाटी सापडली. ‘बाळा राणे’, पितळेची. पासष्ट साली रंगकाम निघालं तेव्हा मी ती काढली आणि माझी लावली. शकुने दोन-तीनदा विचारलं होतं. रंगाऱ्याने हरवली, असं सांगितलं. एका गरीब रंगाऱ्यावर आळ घेतला, त्याचे पैसेसुद्धा कापले.
लाज वाटते. दुसरा शब्द नाही.

१४ नोव्हेंबर, गुरुवार. भाऊबीज
दरवर्षी मी ओवाळणीत पातळ घालतो आणि किती महाग झालंय तेही सांगतो. या वेळी तबकात पाटी ठेवली, वर्तमानपत्रात गुंडाळून. काल चिंचेने घासली होती. काय बोलायचं ती चार वाक्यं पाठ केली होती. एकही आठवलं नाही.
शकुने कागद सोडला. पदराने पाटी पुसली, घासलेली असूनही. म्हणाली, “माका ठावक होता, दादा. तुझी ट्रंक दर वर्षाक मीच झाडतंय मा.”
म्हणजे वीस वर्षं. दर दिवाळीला ती पाटी हातात घेऊन, पुसून, परत स्वेटरखाली ठेवत होती. आणि बाहेर येऊन मला ओवाळत होती.
टिळा लावायला मान वर कर म्हणाली. दोनदा सांगावं लागलं.

१६ नोव्हेंबर, शनिवार
सकाळी स्क्रू ड्रायव्हर घेऊन माझी पाटी काढायला गेलो. राहू दे म्हणाली, पोस्टमनचा घोटाळा होईल. बाळाची वर लावली, माझी खाली. एक स्क्रू कमी पडला. माझी तिरकी आहे.
मग गायकवाडांकडे गेलो, दोघं. मृत्युपत्र शकुचं. त्यांनी एकदाही लॉकरचं नाव काढलं नाही. चांगला माणूस.
शकुने सहा मिनिटांत सांगून टाकलं. खोली अनंताला. मग म्हणाली, “पण दादाक खिडकीकडची खाट, तो आसा तवसर. तेका कोणी मोरीकडे धाडूचा नाय.”
वकिलांनी शुद्ध मराठीत ‘तहहयात’ असं लिहून वाचून दाखवलं. तेही कलम चारच होतं. मी खाली बघत होतो, तिथे पीठ सांडलेलं होतं.
साक्षीदार नाना आणि खालच्या गिरणीचे भाऊ. ऐन वेळी भाऊंचं गिऱ्हाईक आलं, ते येईनात. मी लगेच पेन काढलं. निदान एवढं तरी माझ्या हातून व्हावं, असं वाटलं. सही माझी चांगली आहे, मिलमध्ये सगळे म्हणायचे. गायकवाडांनी माझ्या हातावर हात ठेवला. “काका, तुम्हाला नाही करता येणार. तुम्हाला मिळतंय.”
भाऊ आले. शकुने सही केली, मग नानांनी, मग भाऊंनी. पेन माझंच वापरलं, छान चाललं.
टोपण मी धरलं होतं.