मापं कॉम्प्युटरवर

२ मार्च
सासरे गुडघ्याच्या ऑपरेशनसाठी मोठ्या मेहुणीकडे गेले. महिनाभर त्यांचं टेलरिंगचं दुकान माझ्या ताब्यात. परत आले की ठरवणार, दुकान आम्हाला द्यायचं की विकून टाकायचं. बायकोचा जीव दुकानात अडकलाय. माझाही, कारण मी नोकरी सोडून बसलोय.
संकल्प: गिऱ्हाइकांच्या मापांची कार्डं बंद. साधा डेटाबेस. रविवारपर्यंत हातावेगळा.

९ मार्च
रविवार उलटला. आडनावांमधला 'क'सुद्धा संपला नाही. बाबांचं अक्षर म्हणजे कोंबडीचे पाय. त्यात पेन गळतं. कमरेच्या आकड्यांवर शाईचे ठिपके, कुठे एक, कुठे तीन. कॉम्प्युटरला असला गबाळेपणा चालत नाही. गाळले.
बायको म्हणाली, बाबांना फोन करून विचार. आजारी माणसाला कशाला त्रास? शिवाय त्यांनी सतरा सूचना केल्या असत्या.

१७ मार्च
झालं एकदाचं! कार्डं रद्दीत दिली. बायकोला बोललो नाही, उगाच हळहळली असती. आता आडनाव टाकलं की माप हजर. कटरला छापील चिठ्ठी. तो म्हणाला, आपल्याला काय, आकडा द्या, कापड कापतो. अशी माणसं हवीत.

२४ मार्च, दुपार
वकीलसाहेबांची पँट वर चढेना. म्हटलं, वजन वाढलं असेल. तणतणत गेले. मग बँकेचे मॅनेजर. मग हेडमास्तर, त्यांचं तर बटण उडून आरशावर आपटलं. अख्ख्या गावाचं पोट एकदम सुटलं, त्याला मी काय करणार?

२५ मार्च
शेवटी बायकोने बाबांना फोन लावलाच. पेन गळत नव्हतं म्हणे. पोट सुटलेल्या गिऱ्हाइकाला बाबा कमरेचा आकडा कमी सांगतात, कार्डावर कमीच लिहितात आणि वर ठिपके देतात. एक ठिपका, एक इंच. कटरला सांगताना ते इंच मिळवून सांगतात. गिऱ्हाईक खूश, पँटही बसते.
म्हणजे इतकी वर्षं चक्क खोटेपणा, आणि दोष माझ्या डेटाबेसला!
बायकोने कार्डं मागितली. सांगावं लागलं. ती तडक रद्दीवाल्याकडे गेली आणि रिकाम्या हाताने परत आली. भांडली असती तर बरं झालं असतं.

२८ मार्च
उपाय सापडला. सगळ्यांना नव्याने माप द्यायला बोलावलं. डेटाबेसमध्ये नवा रकाना, 'पोट'. पर्याय तीन: बेताचं, सुटलेलं, हाताबाहेर. फक्त आपल्या माहितीसाठी.
पावतीवर सगळे रकाने आपोआप छापून येतात, हे कुणीतरी आधी सांगायला हवं होतं. वकीलसाहेबांनी पावती मोठ्याने वाचली. दुकान भरलेलं होतं. नंतर नव्हतं.

४ एप्रिल
बाबा काठी टेकत परत आले. दुकान विकणार नाहीत. हुश्श! बायकोच्या नावावर करणार आहेत. मला अगदी मऊ आवाजात म्हणाले, "जावईबापू, तुमची हुशारी मोठी आहे. ती गिऱ्हाइकांच्या नजरेस न पडलेली बरी."
कौतुकच म्हणायचं.
बायको टेप घेऊन घरोघरी माफी मागत फिरतेय. मी येऊ का विचारलं. नको म्हणाली. वाईट वाटलं, खोटं कशाला लिहू.
उद्यापासून माझ्याकडे मागच्या खोलीतली इस्त्री. तिथे मी एकटाच, म्हणजे खातेप्रमुखच की. खोली बरी आहे. दाराला कडी आहे. बाहेरून.