स्टिअरिंग बदलल्यानंतरची निरवानिरव

मी, खाली सही करणारी, वय वर्षे त्रेसष्ट, धंदा शिवणकाम, हे मृत्युपत्र राजीखुशीने व कोणाच्याही दडपणाखाली न येता लिहून ठेवते. शेजारच्या डॉक्टरीणबाईंनी आज सकाळी नाडी पाहिली. "ठोके जोरात आहेत, पण डोकं ठिकाणावर आहे," असे त्या म्हणाल्या. ठोके का जोरात, ते चौथ्या कलमात येईल.

१. राहते घर माझ्या एकुलत्या मुलीला मिळावे. मात्र माझी धाकटी बहीण हयात असेतोवर तिला इथून कोणी उठवू नये. उजेडाची पुढची खोली तिचीच राहील. हा हक्क दिल्यामुळे तिला साक्षीदार होता येत नाही, म्हणून ती सकाळपासून फुगून बसली आहे.

२. शिलाई मशीन आणि कात्र्या माझ्याकडे काजे-बटणे करणाऱ्या बाईंना द्याव्यात. मोठ्या कात्रीने कागद कापू नये.

३. धाकट्या दिरांना यांचे मनगटी घड्याळ द्यावे. हे गेले त्याच आठवड्यात दिरांनी गाडीची किल्ली मागितली होती. "वहिनी, ही गाडी तुम्हाला झेपायची नाही." माझे बरेवाईट झाल्यास त्यांनी 'मी सांगितलं होतं' असे चारचौघांत म्हणू नये, या अटीवर घड्याळ.

४. गाडीविषयी. हे ड्रायव्हिंग शिकवायचे, त्या शिकवणीची ही जुनी गाडी. बहिणीच्या किडन्या गेल्यापासून मी तिला एक दिवसाआड हिच्यातून डायलिसिसला नेते. टॅक्सी करून पाहिली; तिला उलटी झाली तेव्हा टॅक्सीवाल्याने भर रस्त्यात उतरवले.

गेल्या आठवड्यात बाजाराच्या वळणावर मी स्टिअरिंग फिरवले आणि एकच चाक वळले. दुसरे आपले सरळ. गाडी फुटपाथवर चढून औषधाच्या दुकानापाशी थांबली. कोणाला लागले नाही, पण स्टिअरिंगवरची माझी बोटे बहिणीला सोडवावी लागली.

गॅरेजवाल्याने पुढची चाके उचलून, टोचन करून गाडी घरी आणून सोडली. चाकाला स्टिअरिंगशी जोडणाऱ्या दांड्याचा सांधा निखळला होता. "काकू, भंगारात काढा. इतक्या जुन्या स्टिअरिंगला मी हात लावत नाही. उद्या काही झालं तर माझ्या गळ्यात."

मग दोन्ही चाकांचे नवे सांधे मी आणले आणि अंगणात कामाला बसले. यांना करताना पाहिले होते, एवढेच भांडवल. जुना सांधा दांड्यावर कुठवर बसला होता, तिथे कापडावरच्या खडूने खूण केली. गाडी जॅकवर उचलून काढलेले चाक तिच्याखाली आडवे सरकवले, कारण हे तसे करायचे. बहीण खुर्चीत बसून नट आवळायचे पाने हातात देत होती.

मी आत डोके घालून नट आवळत असताना जॅकखालची फरशी खचली. गाडी खाली आली ती त्या चाकावर टेकली. माझ्या नाकासमोर लोखंड होते. मान वळवता येईना.

"ताई! अगं, बोल ना!"

जिला जिना चढताना धाप लागते, तिने माझे घोटे धरून मला ओढून काढले. नंतर आम्ही दोघी अंगणात बसून राहिलो. तिचे ओठ निळे पडले होते.

उरलेले काम मी दुसऱ्या दिवशी, फरशीवर जाड फळी घालून पुरे केले. नट सुटू नये म्हणून त्यात एक पिन घालून वाकवतात. ती वाकवली आहे. तरी रोज चारदा उठून बघते. डोळ्यांना दिसते आणि मनाला पटत नाही. मधल्या फेऱ्या शेजाऱ्यांच्या गाड्यांतून भागवल्या; आज बहिणीला हिच्यातून न्यायचे आहे, म्हणून सकाळी हे लिहायला घेतले.

इथपर्यंत लिहून मी एकटीच चक्कर मारायला निघाले, तर बहीण आधीच पुढच्या सीटवर बसलेली.

"उतर. आधी मी बघून येते."

"आणि तू आलीच नाहीस तर?"

"टॅक्सी कर."

"मग मी इथेच बरी."

मी रडले, रागावले. ती हलली नाही. शेवटी सायकलवाले आम्हाला मागे टाकत होते अशा वेगाने आम्ही चाकांची अलाइनमेंट करणाऱ्याकडे पोचलो. त्याने दोन्ही चाके धरून गदागदा हलवली. "घट्ट आहे. चाकं जरा आत वळलीत, सरळ करून देतो." तिथून आम्ही डायलिसिसला गेलो.

गाडी मुलीला मिळावी. भीती गेली असे मी लिहून देत नाही. परतताना प्रत्येक वळणाला ओठ चावत होते. शेजारी बहीण तोंड उघडे टाकून गाढ झोपली होती. घरापाशी हलवून उठवले, तर डोळे चोळत म्हणाली, "आलो पण?"

वरील मजकूर वाचून, समजून, दोघा साक्षीदारांसमक्ष सही केली.

लिहून देणार: (सही)
साक्षीदार: १. शेजारच्या डॉक्टरीणबाई (सही) २. समोरचे निवृत्त पोस्टमन (सही)
स्थळ: राहते घर
दिनांक: चौदा फेब्रुवारी, संध्याकाळ