विहीणबाईंचा पुढचा शब्द

प्रिय गौरजा,

आधी एक सांगते, घाबरून जाऊ नकोस. मी घाबरलेय तेवढं दोन्ही घरांना पुरेल. आणि हे टोबीला लगेच वाचून दाखवू नकोस. त्याला मराठी वाचता येत नाही म्हणूनच फोन न करता कागदावर लिहायला बसले. फोनवर तू स्पीकर लावतेस आणि इकडे त्याची आई मला खेटून बसलेली असते. बाबा या पानांचे फोटो काढून तुला पाठवतील. तुझ्या सासूबाईंचं काहीतरी बिघडलंय गो. सोमवारी त्यांचं विमान आहे. नाताळ म्हणून एकट्या जाणार आणि जर्मनीतल्या त्या तिसऱ्या मजल्यावरच्या घरात एकट्याच राहणार.

दसऱ्यानंतर रेनाटे आली तेव्हा मी किती धास्तावले होते, तुला ठाऊक आहे. जर्मनीतली ऑपेरा गाणारी विहीण, तिला काय खायला घालू, कुठे बसवू! पण चार दिवसांत अहो-जाहो गेलं आणि आम्ही मोडक्या इंग्रजीत अगं-तुगं करू लागलो, म्हणून इथेही 'ती'च लिहिते. गावाने तिचं नाव रेणाताय करून टाकलं. सकाळी मी खोबरं किसायला बसले की ती समोर पाटावर बसायची आणि आपलं आयुष्य सांगायची. बापाची बेकरी होती. पहाटे सायकलवरून पाव टाकताना ही गल्लीभर गात जायची, चर्चच्या मास्तरांनी ऐकलं आणि धरून शिकवायला बसवलं. पुढे तिकडच्या एका शहराच्या थिएटरात लागली ती केस पिकेपर्यंत. माईक नाही, काही नाही, समोर एवढा मोठा वाद्यवृंद, आणि त्याच्यावरून आवाज शेवटच्या रांगेपर्यंत पोचवायचा. पण आवाज पडला खालचा, जाडसर. त्यामुळे जन्मभर वाट्याला आल्या म्हाताऱ्या, चेटकिणी आणि कोवळे मुलगे. नायिका कायम दुसरीच. नवरा त्याच थिएटरात तुतारी वाजवायचा, तो एका नायिकेबरोबर पळाला. 'तिथेही नायिका दुसरीच,' असं म्हणून ती इतकी हसली की मला किसणी खाली ठेवावी लागली. टोबीला तिने एकटीने वाढवलं. तालमीच्या वेळी तो म्हणे कपड्यांच्या पेटाऱ्यात झोपायचा.

बाई पुरुषाचं काम करते हे ऐकून आपला महादू एवढा खूश झाला की विचारू नकोस. दशावतारात तो इतकी वर्षं राणी होतोय ना! तो तिला पदर सांभाळून चालायला शिकवायचा, ती त्याला पुरुषासारखं उभं राहायला. दारापुढच्या खळ्यात हा तमाशा आणि तुझे बाबा पोट धरून हसतायत.

तिचा एक अभिमान होता. तिकडे रंगमंचाच्या पुढच्या कडेला जमिनीत एक खोबण असते म्हणे. तिच्यात एक बाई पुस्तक घेऊन बसते आणि गाणाऱ्याला पुढचा शब्द हळूच आधी सांगते. लोकांना ती दिसत नाही. एवढ्या वर्षांत मी त्या खोबणीकडे एकदाही बघितलं नाही, असं रेनाटे छाती काढून सांगायची.

आणि आता ती बघते. तेच मला सांगायचंय. बोलता बोलता शब्द अडला की तिची नजर खाली जाते, समोर जमिनीवर, दोन हातांच्या अंतरावर. थांबून राहते, कोणी काही सांगेल म्हणून. आधी चमच्यासाठी थांबायची, मग माझ्या नावासाठी. मी आपली हळूच 'दुर्गा' म्हणायची आणि गाडी पुढे जायची. वय झालं, परकी भाषा, परका मुलूख, असं म्हणून मीच माझी समजूत घातली. एकदा तिने आमटीत साखर घातली, ती आम्ही गोड मानून खाल्ली. एकदा आपल्याच विहिरीवरून घर सापडेना म्हणून शेजारच्या मथुराकाकूच्या ओटीवर जाऊन बसली. त्यावरही हसलोच. कशाला हसलो कोण जाणे.

मग गावपळण आली. यंदा देवाने कौल दिला आणि तीन दिवस आख्खा गाव गुरांकोंबड्यांसकट शिवेबाहेर गेला. आपली झोपडी मथुराकाकूच्या काजूच्या बागेत होती, खाडीच्या अलीकडे. रेनाटेला सगळ्याची मौज वाटत होती. गाव रिकामा का करायचा, हे ती पुनःपुन्हा विचारायची. मी सांगायचे, तो तीन दिवस देवाचा, तिथे माणसाने पाऊल टाकायचं नाही. दुसऱ्या दिवशी जेवणं झाली, सगळी आडवी झाली, माझाही डोळा लागला. उठून बघते तर तिची चटई रिकामी. चपला तिथेच.

पहिल्यांदा मनात खाडीच आली, आणि भरतीची वेळ. बाबा आणि पोरं काठाने धावली, मी नुसती 'रेनाटे, रेनाटे' ओरडत सुटले. तेवढ्यात मथुराकाकू 'गे बाय माझे!' म्हणत गावाकडे बोट दाखवू लागली. गावातून आवाज येत होता. तोच तिचा खालचा, जाड आवाज, माडांवरून थेट आमच्यापर्यंत. सगळी माणसं शिवेवर येऊन उभी राहिली. कोणी हलेना. महादू रडकुंडीला येऊन म्हणाला, 'वयनी, शीव ओलांडूक जमाचा नाय.' बाबांनी माझ्याकडे बघितलं. मी देवाला हात जोडले आणि गेले.

रिकामा गाव तू कधी बघितला नाहीस. दारं बंद, कुत्रं नाही, कोंबडं नाही, माझ्याच पावलांची मला भीती वाटत होती. ती आपल्या खळ्यात उभी होती. माझं लुगडं राजपुत्रासारखं खांद्यावर टाकलेलं, मान ताठ, आणि समोरच्या मोकळ्या रस्त्याला गाऊन दाखवत होती. मधेच अडली. नजर खाली गेली. मी दिसले तर मलाच जर्मनमध्ये काहीतरी विचारलं, घाईघाईने, रागावून. तिला मी दुर्गा वाटतच नव्हते. मी त्या खोबणीतली बाई होते. मला जर्मन कुठलं येतंय! पण खोबरं किसताना ती हेच गाणं गायची, चाल माझ्या कानात बसली होती. तेवढी पुढची ओळ गुणगुणले. तिने उचलली, शेवटापर्यंत गायली, वाकून नमस्कार केला, आणि मग लहान मुलासारखा माझा हात धरून आली.

शिवेवर मला वाटलं आता बोलणी खावी लागणार. पण मानकऱ्यांनी तिथेच गाऱ्हाणं घातलं, 'बा देवा म्हाराजा, ह्या परमुलखातला लेकरू चुकान तुझ्या हद्दीत इला, तेका पदरात घे रे म्हाराजा.' सगळा गाव 'व्हय म्हाराजा' म्हणाला. मी ढसाढसा रडले. संध्याकाळी ती पूर्ण भानावर होती. तिला सगळं कळलं होतं. माझे दोन्ही हात धरून म्हणाली, टोबीला सांगू नकोस, आई शब्द विसरते हे त्याला कळायला नको. तिने शपथ मागितली आणि मी दिली. आज मोडतेय. देवाकडे माझं मी बघून घेईन.

का मोडतेय ते ऐक. काल दिवेलागणीला ती भिंतीवरच्या तुमच्या लग्नाच्या फोटोसमोर उभी होती. मुंडावळ्या बांधलेल्या टोबीवर बोट ठेवून म्हणाली, नवरामुलगा देखणा आहे, कोणाचा गं? मला वाटलं थट्टा करतेय. मग तिची नजर खाली गेली, माझ्या पायांपाशी, आणि ती थांबून राहिली. मी हळूच म्हटलं, 'टोबी.' 'हो का, टोबी,' ती म्हणाली, नव्या पाहुण्याचं नाव घ्यावं तशी, आणि हसून आत गेली. गौरजा, तिचा पासपोर्ट मी तांदळाच्या पिंपात लपवलाय. सोमवारचं विमान जाऊ दे. टोबीला आता जवळ बसव, सगळं सांग आणि दोघं मिळेल त्या विमानाने या. बाकीचे शब्द मी सांगेन तिला, रोज सांगेन. हा एक माझ्या तोंडून तिला ओळखू येत नाही. तो त्याने येऊन, तिच्यासमोर उभं राहून सांगायला हवा.

वाट बघणारी, घाबरलेली, तुझीच
आई