साडेबाराच्या अक्षता

पाटोदा,
४ मे २०२५

चि. सौ. उज्ज्वलास,
दादाचा आशीर्वाद.

वैष्णवीच्या लग्नाची पत्रिका पोचली. इकडे सगळे खुशाल आहोत. तुझ्या वहिनीनं रुखवतासाठी कुरडया घातल्यात. त्या अंगणात वाळतायत आणि मी खुर्चीत बसून कावळे हाकलतोय. सध्या मला तेवढंच काम दिलेलं आहे. धाकट्या तेजश्रीचा दहावीचा निकाल लागला की कळव.

फोन केला नाही, कारण तुझा फोन विजयसिंहराव उचलतात आणि लगेच स्पीकरवर टाकतात. नवऱ्याच्या बैठकीत गावभरचे लोक बसलेले असतात हे तुला माहीतच आहे. हे बोलणं त्यांच्यासाठी नाही.

पत्रिकेवर मुहूर्त साडेबाराचा आहे. तो खरा धरायचा की आपल्याकडचा? तुझ्या पुतण्याच्या लग्नात पुढाऱ्यांची वाट बघण्यात आणि मग त्यांच्या भाषणांत ऊन उतरलं. लोकांच्या मुठीतल्या अक्षता घामानं भिजल्या. तेव्हा मी सगळ्यांना सांगून हसत होतो. आता काळजीनं विचारतोय.

मंगलाष्टकांना वैष्णवीच्या मागं मामा म्हणून मला उभं राहायचं आहे. तू म्हणशील, राहा की, अडवलंय कुणी?

मागं बीडला एका लग्नात मला ऊन लागलं, असं आम्ही तुला कळवलं होतं. ते ऊन नव्हतं. पाय इतके सुजले की बूट निघेना, आडवं झालं की दम कोंडायचा. लग्नातूनच दवाखान्यात नेलं. डॉक्टर म्हणाले, हृदय कमजोर झालंय, अंगात पाणी साठलंय.

गोळ्या आधीपासून होत्या. बी.पी.ची गोळी निमूट पोटात जाते, तिच्याशी माझं काही भांडण नाही. भांडण आहे ते पाणी काढायच्या गोळीशी. ती घेतली की सारखं उठावं लागतं. एका लग्नात सत्कारासाठी माईकवर माझं नाव पुकारलं आणि मी मंडपाच्या मागं. पुन्हा पुकारलं. आलो तेव्हा सगळा मंडप माझ्याकडे वळून बघत होता आणि माझा फेटा दुसऱ्याच्या डोक्यावर होता. तेव्हापासून लग्नाच्या दिवशी ती गोळी घ्यायची नाही, असा मी नेमच केला.

हे मी डॉक्टरांना सांगणार नव्हतो. पण तुझ्या वहिनीच्या तोंडात तीळ भिजत नाही. ती म्हणाली, "रोज घेत्यात की. फकस्त लग्न असलं की न्हाई घेत."

डॉक्टरांनी विचारलं, अशी लग्नं किती असतात?

"लगीनसराई हाय, सायेब," पुन्हा तीच म्हणाली. "एका दिवशी दोन-दोन."

मला वाटलं डॉक्टर खवळणार. ते शांतपणे म्हणाले, लग्नाच्या दिवशी सकाळी नको असेल तर दुपारी घ्या, पण सोडायची नाही. इतकं सोपं होतं आणि लाजेपायी मी कधी विचारलं नव्हतं. वहिनी औषधं आणायला गेल्यावर मी हळूच विचारलं, पुन्हा चुकली तर?

"पाणी परत भरलं, तर दरवेळी काढता येईलच असं नाही," ते म्हणाले.

उज्ज्वला, मला फार भीती वाटली. घरात कुणाला बोललो नाही, तुला सांगतोय.

म्हणून तुझ्याकडे एवढंच मागतो. साडेबाराला अक्षता पडू दे. मग मी चार घास खाऊन खोलीत जाईन आणि गोळी घेईन. पुढाऱ्यांसाठी थांबलात, तर दिवस कलला तरी मी तिथून हलणार नाही. पोरीच्या मागून निघून जाणं माझ्याच्यानं व्हायचं नाही, माझा हट्ट तू लहानपणापासून बघितलाय. भाषणं जेवणाच्या वेळी होऊ देत, तशीही ती ऐकतं कोण?

विजयसिंहरावांना राग येईल. त्यांना माझं दुखणं खुशाल सांग, स्पीकरवर सांगितलंस तरी चालेल. आणि सत्काराच्या नावांतून माझं नाव काढ. मला आता फेट्याची हौस राहिली नाही.

दुसरी हौस मात्र आहे. वैष्णवीच्या मागं तर उभा राहीनच. पण तेजश्रीची आत्ता कुठं दहावी झालीय. तिच्याही मागं मलाच उभं राहायचंय.

तुझा दादा,
दोन्ही पोरींचा मामा,
अंगद