बॅटरी मी नेली हाय

अहो, आज होडी सोडू नका. तुमी झोपला होता, म्हनून होडीची बॅटरी मी मासळीच्या पाटीत घालून बेलापूरच्या वायरमनकडं नेतेय. दुसऱ्या कोनाची मागून लावू नका, पाया पडते.

पहाटे मी जाळं काढायला होडीत दिवा लावला, तं वायर इतकी तापली की हाताला फोड आला. फ्यूज सारखा उडतो म्हनून त्याच्या जागी जाड तांब्याची तार बांधलीत! खालीच डिझेलचा डबा हाय.

भात झाकून ठेवलाय. जेवून घ्या.

काल तुमच्या शर्टाला जळका वास होता. तुमी म्हनलात, कोनीतरी विडी ओढली असंल. होडीवर तुमी आनि माझा भाऊ, दोगंच होता. दोगं बी विडी ओढत नाय.

सुंदरा