अंगणातली सहावी मगर

बडोदे, समा
गुरुवार, दुपार (पाऊस थांबलाय, पण आभाळ अजून भरलेलंच आहे)

ती. येसूआत्या यांना,

प्राचीचा वाकून नमस्कार. गुडघ्याला तेल चोळता ना? ऑपरेशन झालेला डोळा तरी चोळू नका. इकडे आम्ही तिघं बरे आहोत, म्हणजे तिघांचे हातपाय जागेवर आहेत, एवढ्यापुरते बरे. फोनच केला असता, पण तुम्हाला ओरडून सांगावं लागतं, आणि ओरडलं की ह्यांना ऐकू जातं. म्हणून पत्र. नातीकडून वाचून घ्या. (उत्कर्षा, आजीला सगळं वाच, काही गाळू नकोस, आणि मध्ये हसू नकोस. माझं शिक्षण सातवीपर्यंतचं, तू कॉलेजातली, तेव्हा चुका पण काढू नकोस.)

तर आत्या, लग्न जमवताना तुम्ही म्हणाला होता, मुलगा मूर्तिकाराच्या घरातला आहे, देवाची सेवा घडेल. ह्यांनी आजवर देव एकही केला नाही. सासरे गणपती करायचे, ह्यांना लहानपणी गणपतीचा उंदीर करायला बसवलं आणि हे तिथेच अडकले. उंदरावरून मांजर, मांजरावरून वाघ, मग सांबर, मोर, एका शाळेच्या गेटावरचा जिराफ. आधी मातीत करायचं, मातीवरून साचा काढायचा, साच्यात फायबर भरायचं, मग घासायचं आणि रंगवायचं. आमच्या घरात भाजीला फोडणी दिली तरी वास रंगाचाच येतो. आता एका फार्महाऊसवाल्या शेठने पाच मगरी सांगितल्यात. तोंडं उघडी पाहिजेत, म्हणजे पोरांना आत हात घालून फोटो काढता येतील. झालं. हे दोन महिने रोज सकाळी वही घेऊन नदीच्या पुलावर. (आमच्या विश्वामित्रीत मगरी आहेत, गावाच्या अगदी मधोमध. लोक वरून बघतात आणि शेंगा खातात.) आणि रोज कडेवर आमची देवश्री. तुम्ही तिला बारशाला पाहिली तेवढीच, आता अडीच वर्षांची आहे आणि कुणाचं ऐकत नाही.

त्या पाच मगरी तयार होऊन आमच्या अंगणात पडल्यात. (थांबा, बघून येते. आले. पाचच आहेत.) देवू त्यातल्या मधलीवर बसून दूध पिते. एकीच्या जबड्यात बाहुलीला झोपवते. मी तरी कुठे शहाणी, पाठीवर खवल्यांचे उंचवटे आहेत, कपडे घसरत नाहीत, म्हणून मी त्यांच्यावर कपडे वाळत घालते.

सोमवारी नदी चढली. गल्लीत घोट्याएवढं पाणी आलं आणि ओसरलं. मंगळवारी सकाळी दार उघडलं तर अंगणात सहा. तुम्हाला माहीत आहे मी किती घाबरट, पाल दिसली तर मोरीत जात नाही. पण मी घाबरले नाही! मला वाटलं धवलभाई टाकून गेला. धवलभाई म्हणजे ह्यांचा भागीदार, गोत्रीला त्याची शेड आहे, साचे तिकडेच भरतात, आणि तो टेम्पोतून वस्तू आणून न विचारता आमच्या दारात टाकून जातो. मी मनातल्या मनात त्याला शिव्या दिल्या, की बरोब्बर नळासमोर टाकली, आता मी बादली कुठे ठेवू. आणि आत्या, मी तिच्यावर देवूचे दोन फ्रॉक वाळत घातले. माझ्या ह्या हातांनी.

मग हे चहाचा कप घेऊन बाहेर आले. ज्यांना मगर ओळखता येते म्हणून शेठने काम दिलं, त्यांनी सहावीकडे बघितलं, मान तिरकी केली, आणि म्हणाले, शेपूट चुकलं. मान जाडी झाली. रंग तर अगदीच खोटा, चिखलासारखा. आणि तिथेच उभं राहून धवलभाईला फोन लावला, की तुला दहा वेळा सांगितलं, शेपटाला मुळाशी खवल्यांच्या दोन रांगा आणि टोकाला एक. तो बिचारा पलीकडून म्हणत असणार, मी पाठवलीच नाही. पण ऐकणार कोण?

तेवढ्यात मला दिसलं की पिवळा फ्रॉक वरखाली होतोय. वारा नव्हता.

आणि देवू हातात बिस्कीट घेऊन, बसायला एक पाय उचललेली.

मी तिला कशी ओढली मला आठवत नाही. दोघी तुळशीवरून कशा गेलो तेही आठवत नाही, कुंडी मात्र फुटलेली आहे. दार लावून मी ओरडत होते आणि हे आत खिडकीवर चढून अजून फोनवर, की ठेव रे, नंतर बोलतो, आपली नाहीये. शेजाऱ्यांनी कळवलं आणि वीस मिनिटांत मगरी पकडणारी पोरं आली. डोळ्यांवर ओलं पोतं टाकलं, जबडा दोरीने बांधला आणि तिघंजण पाठीवर बसले. ते बघून देवूने जो गळा काढला! काका बसले, मला का नाही. आणि हे? टेप घेऊन बाहेर. पोरांना म्हणे, बे मिनिट उभा रहो ने भाई, शेपूट मोजतो. शेजारच्या प्रेमलाबेन गॅलरीतून सगळ्या सोसायटीला सांगत होत्या, आ बेने तो मगर पर कपडां सुकव्यां! पिवळा फ्रॉक मगरीबरोबर गेला. परत मागायला मी गेले नाही.

आता हे काय म्हणतात, तर तिचं शेपूट बरोबर होतं, आपली चुकलीत. म्हणून काल पाचही शेपट्या करवतीने कापल्या. शेठचे फोन येतात, मी उचलत नाही. (परत बघून आले. पाच. बिनशेपटीच्या आहेत, त्यामुळे ओळखायला सोपं झालंय एवढंच.)

पण आत्या, माझा जीव थाऱ्यावर नाही तो वेगळ्याच गोष्टीने. मगर गेली. पोरीला भीती नाही. मी म्हटलं, मगर चावते. तर तिने फायबरच्या जबड्यात कोपरापर्यंत हात घातला, बाहेर काढून मला दाखवला, आणि म्हणाली, नाय चावत. काल गल्लीतल्या बैलाच्या शेपटीला लोंबकळायला निघाली. कुत्रा गुरगुरला तर ही हसते, हिला वाटतं बाबांनी आत आवाजाचं यंत्र पण बसवलं. हे म्हणतात, लेकराला भीती शिकवू नये. ह्यांचं काय जातंय, हे दिवसभर शेपटीत. मी जेवताना उठते, भाकरी तव्यावर टाकून उठते, आंघोळीला गेले तर दार अर्धं उघडं. आणि वर धरणातून पाणी सोडणार असं ऐकते.

बाकी सगळं ठीक. तुमच्या सुनेला नमस्कार.

तुमची भाची,
प्राची

ता. क. पत्र मिळालं की ह्यांना फोन करून सांगा, की मला बरं नाही, प्राचीला आणि पोरीला पावसाळाभर माझ्याकडे कराडला पाठवा. मी लिहिलंय म्हणू नका. आवाज जरा बारीक काढा.

ता. क. दुसरा. खरं म्हणजे तुमचा तो टोचणारा कोंबडा मनात होता. एकदा टोचला असता म्हणजे देवूला कळलं असतं, की जनावर आतून जिवंत असतं. पण तो तुम्ही दिवाळीला कापलात असं कळलं.

ता. क. तिसरा. तर मग आत्या, तुम्हीच. लहानपणी तुम्ही नुसतं बघितलं की आम्ही भावंडं आडाजवळून मागे सरकायचो, हातातला दगड आपोआप खाली पडायचा. देवूकडे तसं एकदा बघा. पण थोडंच. नदी, बैल, कुत्रा, एवढ्यापुरतं. मला लावलीत तेवढी भीती नको.